टायमिंग बेल्ट: किलोमीटर बघता, तसं गाडीचं वयही बघा

कॅमशाफ्ट (धागाकर्ता)

मंडळी, धागा काढायचं कारण आधी सांगतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची डिझेल हॅचबॅक मागच्या महिन्यात खंबाटकी चढताना बंद पडली. गाडीचं वय बारा वर्षं, मीटरवर जेमतेम ४६ हजार. काका गाडीला फार जपतात. दरवर्षी न चुकता सर्व्हिसिंग, ऑइल वेळेवर, टायरची हवा दर आठवड्याला. तरी टायमिंग बेल्ट तुटला, व्हॉल्व्ह (इंजिनाच्या झडपा) वाकले, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागलं आणि जे बिल आलं ते गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यापुढे गेलं. सर्व्हिसिंगला त्यांना दर वेळी एकच उत्तर मिळत होतं: बेल्ट लाख किलोमीटरला बदलतात, तुम्हाला अजून पुष्कळ अवकाश आहे.

मला तळमळीने सांगायचंय ते एवढंच की हा लाखाचा हिशेब अर्धा आहे. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत बेल्टसमोर दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं, आणि जे आधी भरेल ते धरायचं असतं. पहिला आकडा सगळ्यांना पाठ, दुसरा कोणी वाचत नाही. निवृत्त माणसांच्या, परदेशी असलेल्या मुलांच्या, घरातल्या दुसऱ्या गाड्या नेमक्या इथेच फसतात.

हा बेल्ट म्हणजे बॉनेट उघडल्यावर बाजूला दिसणारा, अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा पट्टा नव्हे. तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, एसी जातो, बहुतेक वेळा गॅरेजपर्यंत पोचता येतं. टायमिंग बेल्ट प्लास्टिकच्या कव्हरआड असतो, त्याला आतून दाते असतात आणि तो क्रँकशाफ्टला (पिस्टन फिरवतात तो दांडा) कॅमशाफ्टशी (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बांधून ठेवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा, या प्रमाणात एका दात्याचाही फरक चालत नाही. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. त्याच वेळी पिस्टन वर-खाली धावत असतो. आजच्या बहुतेक इंजिनांत, डिझेलमध्ये तर विशेषच, पिस्टन अगदी वर असताना हेडखाली उरलेली जागा इतकी थोडी असते की व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पिस्टन त्यावर आदळणारच. बेल्ट तुटला की कॅम आहे तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, पण गाडीच्या वेगाने क्रँक फिरतच असतो. पुढचं सगळं सेकंदभरात आटोपतं. काही जुन्या आठ व्हॉल्व्हच्या पेट्रोल इंजिनांत तेवढी जागा सोडलेली होती, तिथे गाडी नुसती बंद पडायची आणि नवा बेल्ट घातला की चालू व्हायची. त्या आठवणीवर आजच्या गाडीत विसंबू नये.

आता वयाचं. बेल्ट रबराचा असतो आणि आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात. ताण त्या दोऱ्या घेतात, रबर दाते धरून ठेवतं. इंजिन रोज तापतं, निवतं, पुन्हा तापतं. रबर कडक होत जातं, दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. गाडी उभी असली तरी हे थांबत नाही. शिवाय उभ्या गाडीत बेल्टचा तोच भाग पुलीभोवती त्याच वळणात महिनोन् महिने राहतो. जोडीला क्रँक आणि कॅमचे ऑइल सील, तेही रबरीच, त्याच सुमारास म्हातारे होऊन ऑइल सोडायला लागतात, आणि बेल्टवर ऑइल गेलं की रबर फुगतं.

किलोमीटरचा आकडासुद्धा शहरात फसवतो. हिंजवडीच्या कोंडीत ताशी १५ च्या सरासरीने चालणाऱ्या गाडीचं इंजिन तेवढ्याच अंतराला महामार्गावर ६० च्या सरासरीने जाणाऱ्या गाडीच्या चौपट वेळ चालतं. मीटरला ते दिसत नाही, बेल्टला भोगावं लागतं. म्हणूनच पुस्तिकेत धूळ, उष्णता, कोंडी यांसाठी बहुधा वेगळं, कमी अंतराचं कोष्टक असतं. आपल्याकडच्या निम्म्या गाड्या त्याच कोष्टकात बसतात असं माझं मत आहे.

आपापल्या गाडीचा बेल्ट शेवटचा कधी बदलला ते बघा आणि इथे लिहा.

गोदाकाठ

धागा वाचून लगेच खाली जाऊन बाबांच्या गाडीची फाइल काढली. २०१३ ची डिझेल, ३१ हजार किलोमीटर. सर्व्हिसिंगची सगळी बिलं आहेत, बेल्टचा उल्लेख एकातही नाही. बाबा दर रविवारी गंगापूर रोडला एक चक्कर मारतात, बाकी गाडी उभी. आमच्या ओळखीच्या गॅरेजचंही हेच म्हणणं, की एवढ्या कमी रनिंगला हात लावायची गरज नाही. पुस्तिकेत नेमकं कुठे बघू?

कॅमशाफ्ट

मागच्या बाजूला देखभालीचं कोष्टक असतं, त्यात "टायमिंग बेल्ट" किंवा "कॅमशाफ्ट ड्राइव्ह बेल्ट" अशी ओळ शोधा. किलोमीटरच्या शेजारी महिने किंवा वर्षं दिलेली असतील. इंजिनागणिक आकडा बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नका. पण तेरा साली घेतलेल्या गाडीत मूळ बेल्ट अजून असेल तर ती ओळ सापडायची वाट बघू नका, बदलून घ्या.

निळावंत

मी तर म्हणेन चेनवाली गाडीच घ्यावी. आयुष्यभर बघायला नको. मारुतीची के-सीरिज, होंडाचं आय-व्हीटेक, फियाटचं १.३ मल्टिजेट, सगळी चेनवर. बेल्ट हवाय कोणाला?

सह्यवारी

निळावंत, नवी गाडी घेताना विचार ठीक आहे, पण रस्त्यावर ज्या लाखो बेल्टवाल्या गाड्या आहेत त्यांच्या मालकांनी काय करायचं? डस्टर, टेरानो, सनी, मायक्रा या गाड्यांतलं १.५ डीसीआय बेल्टवर. फोक्सवॅगन-स्कोडाची १.५ आणि १.६ टीडीआय बेल्टवर, आणि आत्ताच्या तैगुन-कुशाकची टीएसआय इंजिनंही बेल्टवरच. फोर्डचं १.५ टीडीसीआय बेल्टवर. जुनी सँट्रो, १.१ वाली आय-टेन, मारुती ८००, इंडिकाचं १.४ डिझेल, सगळी बेल्टवर. कंपास-हॅरिअरमधलं २.० डिझेलसुद्धा.

आणि चेन म्हणजे अमरपट्टा नाही. चेन इंजिनाच्या ऑइलवर जगते. ऑइल बदलायला उशीर केला, पातळी खाली जाऊ दिली, की तिला ताणून धरणारा टेन्शनर सैल पडतो, चेन लांबते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला खडखड सुरू होते. फरक एवढाच की ती आधी आवाज करते. बेल्ट बहुतेक वेळा काहीच सांगत नाही.

पाना_बारा_तेरा

इचलकरंजीत माझं गॅरेज हाय, त्यामुळं या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बेल्ट तुटलेली गाडी टोचन करून आली की मी पहिल्यांदा मालकाला विचारतो, किती वेळा सेल्फ मारला? कारण गाडी बंद पडली की माणूस घाबरून सेल्फ मारतच बसतोय. बेल्ट तुटलेल्या गाडीचा सेल्फ वेगळाच वाजतोय. एकदम हलका, भरभर, कुठं दाबच लागत नाही असा. व्हॉल्व्ह मिटत नसत्यात, मग कॉम्प्रेशन यायचं कुठनं? असा आवाज आला की किल्ली काढून घ्यायची. दोन वाकलेले व्हॉल्व्ह चार करून ठेवू नका. धक्का मारून गिअरमध्ये तर अजिबात सोडू नका. न्यूट्रल करून टोचन, बास.

हेड उतरवलं की पिस्टनच्या डोक्यावर नखाएवढ्या चकचकीत चंद्रकोरी दिसत्यात. सगळा पिस्टन काजळीनं काळा आणि त्यावर ह्या पांढऱ्या खुणा. व्हॉल्व्हची कड आदळलेली जागा ती. व्हॉल्व्ह हातात घेऊन काचेवर फिरवला की डोलतोय. कधी गाईड फुटलेलं असतंय, कधी रॉकर तुटलेला, नशीब खराब असंल तर कॅमच मोडलेला. मालकाला मी ती चंद्रकोर दाखवतोच. बिल बघून जे पटत नाही ते त्या खुणेनं पटतंय.

आता काम कसं करून घ्यायचं ते सांगतो. नुसता बेल्ट बदलू नका. बेल्टला ताण देणारा टेन्शनर, वळण देणारा आयडलर हे बेअरिंगवर फिरत्यात, त्यांचं ग्रीस पण तेवढंच जुनं असतंय. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर नवाकोरा बेल्ट घटकेत कापला जातोय. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असंल तर तोही बदला, कारण त्याच्यासाठी परत सगळं उतरवायला लागतं. सील ओले दिसले तर सीलही. एका बाजूचं इंजिन माउंट काढून, इंजिन जॅकवर धरून, क्रँक पुली सोडवून आत जायचं असतंय. मजुरी त्याचीच असतीय, पार्टची नाही. मग एकदाच आत गेलोय तर सगळं नवं घालूनच बाहेर यावं.

टायमिंग अंदाजानं मारायचं नाही. ज्या इंजिनाला क्रँक-कॅम जागेवर धरणाऱ्या लॉकिंग पिना लागत्यात त्याला त्या लावूनच काम झालं पाहिजे. बेल्ट चढवला, ताण दिला, की हातानं पान्यानं क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवायचे, चालीच्याच दिशेनं, आणि खुणा परत जुळत्यात का बघायचं. दोन फेरे का, तर कॅमचा एक फेरा तेव्हाच पुरा होतोय. कुठं अडलं तर जोर लावायचा नाही. हे झाल्याशिवाय सेल्फ मारणाऱ्याकडं गाडी देऊ नका. क्रँक पुलीचा बोल्ट पण बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचा असतोय, नवा घालायला सांगा आणि टॉर्क पान्यानंच आवळायला सांगा.

तुषार्_म्युनिक

पाना दादा, तुमचा प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे.

मी बव्हेरियात इंजिनांच्याच क्षेत्रात आहे, म्हणून थोडी भर. रबरी टायमिंग बेल्ट मोठ्या संख्येने पहिल्यांदा आला तो इथल्याच डिंगोल्फिंगच्या ग्लास या छोट्या कंपनीच्या १००४ या गाडीत, १९६२ साली. पुढे १९६६ मध्ये ही कंपनी बीएमडब्ल्यूने घेतली. त्याच साली फियाटने १२४ स्पोर्टच्या ट्विन-कॅम (दोन कॅमशाफ्टच्या) इंजिनात बेल्ट वापरला आणि मग युरोपभर तो पसरला. कारणं सरळ होती: चेनपेक्षा हलका, आवाज कमी, स्वस्त आणि ऑइलची गरज नाही. म्हणजे बेल्ट ही काटकसरीची खोटी सोय नव्हे, चांगलं तंत्र आहे. फक्त त्याला आयुष्याची मर्यादा आहे आणि ती मर्यादा बनवणाऱ्यांनी पहिल्यापासून लिहून दिलेली आहे.

गेल्या काही वर्षांत ऑइलमध्ये भिजून चालणारे बेल्टही आले. फोर्डचं १.० इकोबूस्ट, भारतात इकोस्पोर्टमध्ये आलेलं, तसंच त्यांचं १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं ड्रॅगन पेट्रोल. यांच्या बाबतीत ऑइलची ग्रेड हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. चुकीच्या किंवा फार दिवस वापरलेल्या ऑइलने बेल्ट झडायला लागतो, त्याचा भुगा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि बेल्ट तुटायच्या आधी ऑइलचा दाबच जातो. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केल्यावर बऱ्याच जणांनी या गाड्या बाहेरच्या गॅरेजमध्ये न्यायला सुरुवात केली असेल. त्यांनी डब्यावर लिहिलेलं मानक पुस्तिकेशी ताडून बघावं, "हेच ऑइल सगळ्यांना चालतं" हे ऐकू नये.

निळावंत

ठीक आहे, चेनचं मान्य. पण एक शंका. माझ्या भावाच्या गाडीचं वरचं कव्हर काढून मेकॅनिकने बेल्ट दाखवला. आठ वर्षांचा, पण एकही चीर नाही, अगदी नवा दिसत होता. मग असा चांगला भाग फेकून का द्यायचा? सगळीच गॅरेजं धंदा करायला बसलीत असंही होऊ शकतं ना?

पाना_बारा_तेरा

शंका बरोबर हाय, राग नाही. पण वरचं कव्हर काढून बेल्टची पाठ दिसतीय, पोट नाही. झीज होतीय ती दात्याच्या मुळाशी, आणि आतली दोरी तर कधीच दिसत नाही. उजेडात बेल्ट उलटा वाकवून बघतो म्हणणारे असत्यात. त्यांना हात लावू देऊ नका, तसं वाकवलं की आतली काचेची दोरी तुटतीय. बघून बेल्ट खराब आहे हे सांगता येतंय. बघून बेल्ट चांगला आहे हे कुणालाच सांगता येत नाही. चिरा दिसल्या, दाता गेला, ऑइल लागलं, कड सुटली, तर तारीख न बघता बदला. यातलं काहीच दिसलं नाही तर तारीख बघा.

ऑरेंजसिटी_टॅक्सी

नागपुरातून लिहितो भाऊ. माझ्या जुन्या २.५ डिझेल इनोव्हा टूरवर चालतात. त्यात डॅशवर टी-बेल्टचा दिवाच असतो, ठरलेले किलोमीटर झाले की लागतो, बेल्ट बदलल्यावर तो रीसेट करावा लागतो. आमचे ड्रायव्हर लोक दिवा लागायच्या आधीच विचारून राहिले असतात, कारण गाडी उभी राहिली तर रोजी बुडते. टॅक्सीचा बेल्ट वेळेवर बदलला जातो, घरच्या गाडीचा राहून जातो, असं मी तरी इकडे नेहमी बघतो. दोन गोष्टी मात्र सांगतो. एक, तो दिवा किलोमीटर मोजतो, वर्षं नाही. दुसरी, जुनी इनोव्हा घेताना दिवा लागलेला नाही म्हणून खुश होऊ नका, बेल्ट न बदलता नुसता दिवा रीसेट करता येतो. आणि आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो, मी पुस्तिकेतल्या आकड्याची वाट बघतच नाही, आधीच बदलतो.

सह्यवारी

यावरून आठवलं, जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. विकणारा म्हणेल "आत्ताच बदललाय". बिल मागा. बिलावर बेल्टबरोबर टेन्शनर लिहिलाय का बघा. चांगलं गॅरेज टायमिंग कव्हरवर किंवा बॉनेटखाली तारीख आणि किलोमीटरचा स्टिकर लावतं, तो बिलाशी जुळतो का बघा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि किंमत ठरवतानाच तेवढे पैसे वजा करा. मीटर मागे फिरवलेल्या गाड्या बाजारात कमी नाहीत, म्हणून अशा गाडीत किलोमीटरवर भिस्त ठेवण्यात काही अर्थच नाही.

अजून एक, घाटात बेल्ट गेला तर काय करायचं हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. इंजिन गेलं की ब्रेक दाबायला इंजिनाकडून मिळणारी मदत फक्त एक-दोन दाबांपुरती उरते. ब्रेक सारखा सारखा मारू नका, एकदाच दाबा आणि दाबूनच धरा. हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर ते जड होईल, घाबरू नका, वळतं, जोर लागतो. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. पूर्ण थांबल्यावर हँडब्रेक, हॅझर्ड, चाकामागे दगड, आणि माणसं कठड्याच्या बाजूला. काकांना खंबाटकीत चढ होता म्हणून वेग कमी होता. आंबोलीच्या उतारावर पावसात हे झालं असतं तर?

कॅमशाफ्ट

सह्यवारी, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पैशाचं नुकसान भरून निघतं, हा भाग मूळ धाग्यातच यायला हवा होता.

बाहेरच्या पट्ट्याबद्दलही एक. तो जुना होऊन चिंध्या व्हायला लागला तर कधी कधी त्याचे धागे क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले जातात आणि चांगल्या टायमिंग बेल्टचा दाता सरकतो. म्हणून टायमिंगचं काम करताना बाहेरचा पट्टा आणि त्याचा टेन्शनरही बदलून घ्या. एवढ्या खर्चात त्याचे पैसे जाणवतही नाहीत.

गोदाकाठ

पुस्तिका सापडली. वर्षांचा आकडा कधीच ओलांडून गेलाय. दोन गॅरेजमधून दर घेतले. एकाने फक्त बेल्ट आणि मजुरी सांगितली, दुसऱ्याने किट (बेल्ट-टेन्शनरचा संच), वॉटर पंप, कूलंट, बाहेरचा पट्टा असं सगळं मिळून जवळपास दुप्पट. पहिला म्हणतो पंप गळत नाही तर कशाला बदलता. बाबांचंही तेच म्हणणं आहे. शिवाय पहिला म्हणतो बेल्ट बाजारातून तुम्हीच आणा, स्वस्त पडेल. पाना दादा, काय करू?

पाना_बारा_तेरा

ताई, पंप टायमिंग बेल्टवर फिरतोय का ते आधी त्यांना विचारा. फिरत असंल तर दुसऱ्याचं ऐका. पंप आज गळत नाही, पण नव्या बेल्टचा ताण बसला की जुनं बेअरिंग बोलायला लागतंय, आणि पंप गळला तर कूलंट त्याच नव्या बेल्टवर जातंय. मग परत सगळी मजुरी. पंप बाहेरच्या पट्ट्यावर असंल तर बाबांचं बरोबर, राहू दे.

बेल्ट सुटा आणू नका. बाजारात नकली डबे फार आलेत. कंपनीचा किंवा गेट्स, कॉन्टिटेक, डेको यांचा पूर्ण किट, बिलासकट, ओळखीच्या डीलरकडनंच घ्या, आणि त्यावरचा पार्ट नंबर तुमच्या इंजिनाशी जुळवून घ्या. जुना बेल्ट, टेन्शनर परत मागून घ्या, म्हणजे बदलला की नाही ते कळतंय. आणि बाबांना सांगा, काम होईस्तोवर रविवारची चक्कर बंद. गॅरेज लांब असंल तर गाडी चालवत नेण्यापेक्षा फ्लॅटबेडवर न्या. भाडं परवडतंय.

गोदाकाठ

पंप बेल्टवरच आहे, विचारून घेतलं. दुसऱ्या गॅरेजला होकार दिला. शुक्रवारी फ्लॅटबेड येतोय. बाबांनी आतापासूनच जुना बेल्ट बघायला मागितलाय.